रबराच्या गादीवरची चांदी

शिक्केवाल्यांचा राग नाकाच्या शेंड्यावर असायचा असं म्हणणं म्हणजे नाकाचा अपमान. तो त्यांच्या अंगभर असायचा. सकाळी दुकानाचं शटर जरा अडकलं की शटरच्या सात पिढ्यांचा उद्धार व्हायचा. गिऱ्हाईक चुकून म्हणालं, ‘शिक्का फिका उठतो हो,’ की झालंच. ‘शाई तुमची पाण्याची आणि दोष माझ्या रबराला?’ हे पलीकडच्या रस्त्यावर ऐकू जायचं. समोर सगळे त्यांना ‘शिक्केवाले’ म्हणत आणि पाठ वळली की ‘भट्टी’. वय त्रेसष्ट, आवाज मात्र अजून तिशीतला.

पण हाताला तोड नव्हती. शाळा, दवाखाने, कचेऱ्या, सगळ्यांचे रबरी शिक्के त्यांच्याकडून जायचे. शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवायचे, त्यावरून साचा घ्यायचा, साच्यावर कच्चं रबर ठेवायचं आणि तापलेल्या प्रेसमध्ये दाबून शिजवायचं. ‘शिजवायचं’ हा त्यांचाच शब्द. उलटी अक्षरं ते सुलट्यासारखी घडाघडा वाचत. एक स्वल्पविराम वाकडा आला तरी अख्खा शिक्का कचऱ्याच्या डब्यात जायचा आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

अशा डोळ्यांच्या माणसानं नऊ वर्षांपूर्वी एक नाणं नीट बघितलं नाही. सगळा घोळ तिथून सुरू झाला.

नाण्यांचा नाद त्यांना वडिलांमुळे लागला. वडील कुलपं-किल्ल्या करायचे. कोणीतरी मजुरीपोटी त्यांना जुनं चांदीचं नाणं दिलं होतं. एका बाजूला जहाज, दुसऱ्या बाजूला कोणा राजाचं टपोऱ्या नाकाचं तोंड. आत तांबं तर नाही ना, हे बघायला वडिलांनी नाण्याच्या कडेवर कानस फिरवली. बारीक तीन घाव. चांदी आतपर्यंत पांढरी निघाली. वडील गेले तेव्हा थोरला मुलगा म्हणून ते नाणं शिक्केवाल्यांकडे आलं. पुढे मोठं काम हातावेगळं झालं की शिक्केवाले नाक्यावरच्या नाण्यांच्या दुकानात जायचे आणि स्वतःला एक चांदीचं नाणं बक्षीस द्यायचे. तीस वर्षांत अशी चाळीस जमली. वडिलांचं धरून एक्केचाळीस.

नाणेवाला म्हातारा प्रत्येक नाणं साध्या कागदी पाकिटात घालून द्यायचा आणि सांगायचा, ‘याच्यातच राहू द्या.’ शिक्केवाल्यांना ते पटत नसे. एवढी चांदी आणि तिला कागदाचं पाकीट? म्हातारा चिक्कू आहे, दुसरं काय! म्हणून त्यांनी निदान वडिलांच्या नाण्यापुरती स्वतःच्या हातानं गादी केली. उत्तम मऊ रबर शिजवलं, मधोमध नाण्याच्या मापाचा गोल खळगा काढला. नाणं असं बसलं की डबा हलवला तरी आवाज नाही. गादी डब्यात, डबा कपाटात. किल्ल्या दोन. एक त्यांच्याकडे, दुसरी धाकट्या भावाकडे.

धाकटा म्हणजे त्यांच्याच दुकानात, त्यांच्याच प्रेसवर वीस वर्षं राबलेला भाऊ. घरही एकच, दुकानाला लागून, वरचा मजला त्याचा. स्वभावानं अगदी उलटा. शिक्केवाले दिवसभर ओरडायचे आणि धाकटा गिऱ्हाइकाला हळूच सांगायचा, ‘मनावर घेऊ नका, शिक्का मी संध्याकाळी देतो.’ खरं तर दुकान त्याच्यामुळे चालत होतं, पण हे थोरल्याला सांगणार कोण?

सहा महिन्यांनी शिक्केवाल्यांनी डबा उघडला, तर नाणं काळं ठिक्कर. बाकी चाळीस कागदी पाकिटात लखलखीत आणि हे एकटं कोळशासारखं. त्याच महिन्यात धाकट्यानं बायकोला नवं शिलाई मशीन आणलं होतं. झालं! खरं नाणं विकलं, खोटं ठेवलं, मशीन आणलं. शिक्केवाल्यांच्या डोक्यात हिशोब असा एका दमात जुळला.

डोक्यात राख घालून ते दुकानाच्या पायरीवर उभे राहिले आणि भर गल्लीत गरजले, ‘चोर! माझ्या बापाचं नाणं विकणारा चोर!’

धाकटा हातातला ब्रश घेऊनच बाहेर आला. ‘दादा, हळू. मशीन हप्त्यानं आणलंय. तू नाणं नीट बघ ना. कड बघ. बाबांच्या कानशीच्या खुणा बघ.’

‘खुणा काय बघायच्या? चांदी कधी काळी पडते का अशी सहा महिन्यांत? मला शिकवतोस?’ त्यांनी नाणं खाडकन फरशीवर आपटलं. ‘चालता हो!’

शिंपी, इस्त्रीवाली, सायकलवाला, सगळे दारात उभे राहून बघत होते. धाकट्याची बायको वरच्या खिडकीत. आठ दिवसांत धाकट्यानं शहराच्या पार दुसऱ्या टोकाला खोली बघितली आणि शिलाई मशीनसकट सगळं टेम्पोत भरून गेला. त्यानंतर नऊ वर्षं दोघा भावांत फोन नाही, येणं नाही, जाणं नाही.

शिक्केवाल्यांनी ते काळं नाणं वर्तमानपत्रात गुंडाळलं, वर त्या दिवसाची तारीख घातली आणि ट्रंकेच्या तळाशी टाकलं. पुरावा म्हणून! आणि आता घरात कोणाचा भरवसा नाही म्हणून उरलेल्या चाळीस नाण्यांनाही रबराच्या गाद्या केल्या. सबंध महिना खपून. कागदी पाकिटं फाडून फेकली, ट्रंकेला पितळी कुलूप ठोकलं. किल्ली एकच, ती गळ्यातल्या दोऱ्यात. मग ट्रंक कधी उघडलीच नाही. उघडायची म्हटलं की धाकटा आठवायचा, धाकटा आठवला की टाळकं सरकायचं, आणि डॉक्टरांनी रक्तदाब सांभाळा म्हणून बजावलेलं.

मधूनमधून बायको तेवढी म्हणायची, ‘अहो, या घरात माझी चांदीची वाटी पण काळी पडते. भावजींनी खरंच घेतलं असेल का?’

‘तू घासत नाहीस नीट!’ एवढं बोलून ते ताट सरकवायचे. विषय संपला.

यंदा त्यांच्या लेकीला मुलगी झाली. आजोबा म्हणून काहीतरी द्यायला हवं. नातीला एक नाणं द्यावं, गव्हाच्या ओंबीचं, सगळ्यात देखणं, असा विचार करून शनिवारी दुपारी जेवण झाल्यावर शिक्केवाल्यांनी ट्रंक उघडली.

बायको स्वयंपाकघरात होती. तिला आधी काही ऐकूच आलं नाही, म्हणून ती घाबरून धावली. या घरात शांतता म्हणजे काहीतरी भयंकर. शिक्केवाले जमिनीवर मांडी घालून बसले होते आणि पुढ्यात गाद्यांच्या ओळी. चाळीसच्या चाळीस नाणी काळी. ओंबी काळी, मुकुट काळे, घोडे काळे. काहींवर तर काळ्याचे पापुद्रे.

‘अगं बाई!’ ती म्हणाली. आणि मग तिनं, नऊ वर्षांत पहिल्यांदा, आवाज चढवला. ‘आता? आता कोणी चोरली? किल्ली तुमच्या गळ्यात आहे! भावजी काय भिंतीतून आले?’

शिक्केवाले आणखीच चिडले. धाकटा नाही, तर मग कोण? नाणेवाला! चाळीसही नाणी एकाच दुकानातली. तीस वर्षं त्या म्हाताऱ्यानं मुलामा दिलेला पत्रा गळ्यात मारला! गाद्या, नाणी, वर्तमानपत्रातला तो पुरावा, सगळं पिशवीत कोंबून ते नाक्याकडे सुटले.

दुकान होतं तसंच होतं. अरुंद, काचेच्या पेट्यांनी भरलेलं. चौकोनी पुठ्ठ्यांच्या खिडक्यांत बसवलेली नाणी, भिंतीला अल्बम, कोपऱ्यात छोटा काटा. नाणेवाला म्हातारा चार वर्षांपूर्वी गेला होता आणि आता त्याची मुलगी गल्ल्यावर बसायची. शिक्केवाल्यांनी तिला त्याच टेबलावर बसून पाढे म्हणताना बघितलं होतं. आता चाळिशीची, पांढरे सुती हातमोजे घातलेली, भिंग डोळ्याला लावून एका गिऱ्हाइकाचं नाणं बघत होती.

‘तुझ्या बापानं मला लुटलं!’ शिक्केवाले दारातूनच गरजले. ‘तीस वर्षं लुटलं! खोटी चांदी विकली!’

गिऱ्हाईक आपलं नाणं उचलून भिंतीला चिकटलं. तिनं भिंग खाली ठेवलं.

‘काका, आधी बसा. आणि माझ्या बाबांबद्दल बोलायचं तर माल समोर ठेवून बोला. नुसतं ओरडायचं असेल तर मलाही येतं.’ आवाज तिचाही काही कमी नव्हता.

पिशवी टेबलावर आपटली. तिनं एक काळं नाणं कडेला धरून उचललं, काट्यावर ठेवलं. वजन बरोबर. लोहचुंबक जवळ नेलं. हललं नाही. मग नाणं बोटाच्या टोकावर तोललं आणि पेन्सिलीनं टिचकी दिली. लांब, स्वच्छ आवाज उठला आणि दुकानभर रेंगाळला. दुसरं, तिसरं, दहावं. प्रत्येक वेळी तोच आवाज.

‘चांदी आहे,’ ती म्हणाली. ‘एकूण एक. आता या शब्दांबद्दल तुम्ही माझ्या बाबांची माफी मागणार की नाही, ते नंतर बघू. ही अशी झाली कशी ते सांगा.’ तिनं रबराची एक गादी उचलली, नाकाला लावली आणि तोंड वाकडं केलं. ‘काका, हे कुठून आणलं?’

‘आणलं नाही, मी केलंय!’ एवढ्या रागातही शिक्केवाल्यांची मान ताठ झाली. ‘बाजारात मिळणार नाही असं रबर. स्वतः शिजवलंय.’

‘कसं शिजवता?’

‘कसं म्हणजे? कच्च्या रबराला नुसता ताव देऊन भागत नाही. ते चिकटच राहतं. त्यात आधी गंधक घालावं लागतं. गंधक असलं की मग ताव दिल्यावर...’

त्यांची नजर तिच्या हातातल्या गादीवर गेली.

‘गंधक,’ ती म्हणाली. ‘चांदीला त्याच्यासारखा वैरी नाही. तुम्ही चांदीला गंधकाच्या गादीवर झोपवलंत, वर झाकण लावलंत आणि कुलूप घातलंत. नऊ वर्षं! बाबांनी कागदी पाकिटं दिली होती ना? तो कागद साधा नव्हता काका, खास नाण्यांसाठी मागवलेला होता. काय केलंत त्यांचं?’

‘फाडली.’

‘शाब्बास!’

शिक्केवाल्यांचे हात पिशवीत गेले. वर्तमानपत्राची पुडी त्यांनी बाहेर काढली, उघडली नाही. ‘आणि हे? हे तेवढं खोटं आहे. हे रबरात सहाच महिने होतं.’

‘नव्या ताज्या रबरात सहा महिने पुष्कळ झाले.’ तिनं पुडी उलगडली. वजन. टिचकी. तोच लांब, स्वच्छ आवाज.

‘कड बघ,’ शिक्केवाले म्हणाले. त्यांचा आवाज इतका बारीक झाला होता की भिंतीला चिकटलेलं गिऱ्हाईकही पुढे वाकलं. ‘कडेला काही आहे का?’

तिनं नाणं भिंगाखाली सावकाश फिरवलं. ‘घाव आहेत. कानशीचे वाटतात. एक, दोन... तीन.’

शिक्केवाल्यांनी नाणं तिच्या हातातून ओढलं आणि अंगठ्यानं कड खसाखसा पुसायला लागले.

‘घासू नका!’ आता ती खरोखर ओरडली. ‘हात लावू नका त्याला! घासून जुनं नाणं नवं होत नाही, नुसतं घासलेलं होतं. काळं काढता येईल थोडंफार, पण वरची कळा गेली ती गेली. ती आता कोणीही परत आणू शकत नाही.’

त्यांना ते ऐकू आलं की नाही कोण जाणे. त्यांनी बाकी सगळं तिच्या टेबलावर तसंच टाकलं आणि एक नाणं मुठीत घेऊन ते बाहेर पडले.

धाकटा नंबरप्लेटी करणाऱ्या एका कारखान्यात कामाला होता, एवढं बायकोला ठाऊक होतं. तिनं ते जपून ठेवलं होतं आणि फोनवर शिक्केवाल्यांनी विचारताच पत्ता सांगितला. दोन बस बदलून ते तिथे पोचले. पत्र्याची मोठी शेड, आत यंत्रांचा खडखडाट, पाच-सहा कामगार. धाकटा एका पाटीवर आकडे ठोकत होता. केस सगळे पांढरे. शिक्केवाल्यांना वाटलं, याचे केस कधी पिकले?

धाकट्यानं वर बघितलं. हातोडी खाली ठेवली नाही.

‘बोला,’ तो म्हणाला. ‘काय काम काढलंत?’

आयुष्यभर ‘तू’ म्हणणारा भाऊ. ते ‘काढलंत’ शिक्केवाल्यांच्या कानफटात बसलं. त्यांनी मूठ उघडली. रबर, गंधक, गादी, कानशीचे तीन घाव, सगळं एका श्वासात सांगून टाकलं. शेवटी म्हणाले, ‘नाणं खरं आहे रे. मी चुकलो.’

धाकट्यानं नाण्याकडे ढुंकूनही बघितलं नाही.

‘नाणं खरं निघालं म्हणून मी खरा ठरलो. असंच ना? आणि खोटं निघालं असतं तर?’

‘तसं नाही रे...’

‘तसंच आहे. वीस वर्षं तुमच्या शेजारी उभा होतो मी. तुम्ही आज माझ्यावर नाही विश्वास ठेवलात. त्या नाणेवालीच्या काट्यावर ठेवलात.’ तो ओरडत नव्हता. ओरडला असता तर शिक्केवाल्यांना सोपं गेलं असतं.

शिक्केवाले शेडच्या मध्यभागी गेले आणि आपल्या ठेवणीतल्या आवाजात गरजले, ‘ऐका हो सगळे! माझ्या भावानं चोरी केली नव्हती! मी...’

‘गप्प बसा!’ धाकट्यानं हातोडी पाटीवर आदळली. यंत्रं थांबली. ‘इथे कोणी मला चोर समजत नाही. इथे कशाला सांगता? जिथे बोललात तिथे जाऊन बोला. त्याच पायरीवर. त्याच आवाजात. आणि आता निघा, मला काम आहे.’

शिक्केवाले दोन बस बदलून परत आले. स्वतःवर एवढे चिडले होते की कंडक्टरनं सुटे मागितले तरी भांडले नाहीत. पाचच्या सुमाराला ते आपल्या दुकानाच्या पायरीवर उभे राहिले. समोर शिंपी बटणं लावत होता, इस्त्रीवाली शर्टाची कॉलर दाबत होती, सायकलवाला चाकात हवा भरत होता.

‘ऐका!’ ते ओरडले. ‘नऊ वर्षांपूर्वी मी इथे उभा राहून भावाला चोर म्हणालो. तो चोर नव्हता! नाणं खरं होतं! माझ्याच रबरानं काळं पडलं! गाढव मी होतो!’

वरच्या खिडक्या उघडल्या. शिंप्यानं सुईत दोरा ओवला.

‘अरे, काहीतरी बोला!’ शिक्केवाले भडकले.

‘काय बोलायचं?’ इस्त्रीवाली म्हणाली. ‘आम्हाला ते तेव्हाच माहीत होतं.’

‘काय माहीत होतं?’

‘तो तसला नाही ते. नाण्याबिण्यातलं आम्हाला काय कळतंय? पण माणूस कळतो की. गल्लीत एकानंही तुमचं खरं मानलं नाही.’

शिक्केवाल्यांच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. ‘मग तोंडं शिवली होती काय तुमची? नऊ वर्षं! एकालाही येऊन सांगता आलं नाही मला?’

इस्त्री तिनं उभी ठेवली. ‘तुमच्याशी बोलायची सोय होती का कुणाला?’

सायकलवाल्यानं मान खाली घालून पंप चालू ठेवला. शिक्केवाले पायरीवरून आत गेले. प्रेसशेजारच्या स्टुलावर बसले आणि बायकोकडून नंबर घेऊन धाकट्याला फोन लावला.

‘ओरडलो,’ ते म्हणाले. ‘त्याच पायरीवर.’

‘मग? काय म्हणाले लोक?’

‘म्हणाले, त्यांना आधीपासून माहीत होतं. गल्लीत कोणीच तुला चोर मानलं नव्हतं. कोणीच.’

नऊ वर्षं धाकटा ज्या गल्लीत मान खाली घालावी लागेल म्हणून फिरकला नव्हता, ती ही गल्ली.

‘म्हणजे मी उगाच गेलो, दादा?’

शिक्केवाले सवयीनं खेकसले, ‘मग गेलास कशाला? मी म्हणालो म्हणून कोणी घर सोडून जातं का?’

‘तू चोर म्हणालास म्हणून गेलो!’ धाकटा ओरडला. आयुष्यात पहिल्यांदा, इतक्या मोठ्यानं की फोनमधला आवाज रस्ता ओलांडून इस्त्रीवालीपर्यंत पोचला. ‘सगळी गल्ली म्हणाली असती तरी मी राहिलो असतो! तू म्हणालास, दादा! तू!’

शिक्केवाल्यांनी फोन कानापासून लांब धरला नाही.

‘हो,’ ते म्हणाले. ‘मी म्हणालो.’